शहाण्याने कोर्टाची पायरी कधी चढावी?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. म्हण खोटी नाही. हातभर बांधासाठी दोन-दोन एकर विकलेली घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत. वकिलाची फी, एस.टी.चे भाडे, तारखेवर तारीख आणि ऐन निंदणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी. पण या म्हणीची दुसरी बाजू बघा. सरकार ही पायरी रोज चढते. बँक चढते, विमा कंपनी चढते, कारखानदार चढतो. चढत नाही तो फक्त शेतकरी. मग शहाणपणाची ही शिकवण एकट्या शेतकऱ्यासाठीच आहे की काय?

आम्ही शिकलो शेतीशास्त्र. पऱ्हाटीला नत्र किती द्यावे हे आम्हाला कॉलेजात शिकवले. त्याच पऱ्हाटीतून सरकारने रस्ता काढला तर कोणाच्या दारात जायचे, हे कोणी शिकवले नाही. ते आम्ही चळवळीत, तुमच्याबरोबर ठेचकाळत शिकलो. म्हणून आज वकिली थाटात नाही, आपल्या भाषेत बोलू.

बैठकीत दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, कोर्टात काही राम नाही. दुसरा म्हणतो, कापसाच्या भावासाठी हायकोर्टात रिट टाका, सरकार सरळ येईल. दोघेही चुकतात. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय काय करू शकते, काय करू शकत नाही आणि आपल्यासाठी तिथला कोणता दरवाजा कोणी बंद केला, या तीन गोष्टी समजून घेतल्या तर पायरी कधी चढायची हे आपले आपल्याला कळेल.

कोर्टाची उतरंड

आपल्या घरात उतरंड असते, मडक्यावर मडके. न्यायव्यवस्था तशीच आहे. खाली तालुक्याचे दिवाणी व फौजदारी न्यायालय, त्यावर जिल्हा न्यायालय, त्यावर राज्याचे उच्च न्यायालय आणि सर्वांत वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, उतरंड एकच.

आपला शेतकरी मात्र बहुतेक वेळा या उतरंडीत नसतोच. तो असतो महसूल खात्याच्या उतरंडीत: तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी, आयुक्त. फेरफार, पांदण रस्ता, कूळ, सीलिंग हे सगळे तिथे चालते. तिथे निकाल देणारा माणूस आणि सरकारचा वसुली करणारा माणूस एकच असतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच ओट्यावर न्याय! म्हणून या उतरंडीच्या वर कोणीतरी वेगळा, सरकारच्या पगारपत्रकाला न भिणारा माणूस असावा लागतो. तो म्हणजे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश. त्याला सरकार बदली करून किंवा नोटीस देऊन घरी पाठवू शकत नाही. काढायचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ व्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाचा ६५ व्या वर्षी निवृत्त होतो.

देशात उच्च न्यायालये २५ आहेत. आपले मुंबईचे १८६२ साली सुरू झाले. नागपूरला १९३६ पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होते. राज्यांची फेररचना झाली आणि विदर्भाच्या वाट्याला मुंबईचे खंडपीठ उरले. मराठवाड्यासाठी औरंगाबादचे (आताच्या छत्रपती संभाजीनगरचे) खंडपीठ १९८१ साली सुरू झाले. गोव्यासाठी पणजीला खंडपीठ आहे, आणि कोल्हापूरला २०२५ च्या ऑगस्टमध्ये बैठक सुरू झाली. तेव्हा "हायकोर्ट म्हणजे मुंबई" हा समज सोडा. यवतमाळच्या माणसाला नागपूर पुरते.

सर्वोच्च न्यायालय १९५० साली सरन्यायाधीश धरून आठ न्यायाधीशांवर सुरू झाले. २०१९ च्या कायद्याने ती संख्या ३४ झाली. सगळे एकत्र कधी बसत नाहीत. नेहमीच्या कामाला दोघे-तिघे बसतात. घटनेच्या अर्थाचा मोठा प्रश्न असला तर किमान पाच. मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठाला बांधतो. तो बदलायचा तर त्याहून मोठे पीठ बसवावे लागते.

दोन कलमे पाठ करा

घटनेतली दोन कलमे पाठ करा. ३२ आणि २२६.

कलम ३२ सांगते की मूलभूत हक्क मोडला तर कोणताही नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले होते. कलम २२६ उच्च न्यायालयाला तोच अधिकार देते आणि थोडा जास्त देते. मूलभूत हक्क मोडला तर उच्च न्यायालयात जाता येतेच, पण दुसरा कोणताही कायदेशीर हक्क मोडला तरी जाता येते. म्हणजे शेतकऱ्याच्या कामाचे दार दिल्लीला नाही, नागपूरला आहे.

या कलमांखाली न्यायालय जे आदेश काढते त्यांना रिट म्हणतात. ते पाच. सरकारने माणूस बेकायदा डांबला तर त्याला हजर करा, हा पहिला. कायद्याने नेमून दिलेले काम अधिकारी करत नसेल तर ते कर, हा दुसरा, आपल्या सर्वांत उपयोगाचा. वकील त्याला मॅन्डॅमस म्हणतात. अधिकार नसताना खालचे न्यायालय किंवा प्राधिकरण काही करू लागले तर थांब, हा तिसरा. केलेला बेकायदा आदेश रद्द, हा चौथा. या खुर्चीवर तू कोणत्या अधिकाराने बसलास, हा पाचवा.

आता मर्यादा ऐका. रिट सरकार आणि सरकारी अंगाविरुद्ध चालते. भावकीतला बांध, सावकाराचा तोंडी व्यवहार, व्यापाऱ्याने मारलेला काटा यांचे काम तिथे नाही. तिथे साक्षीदार तपासत बसत नाहीत. शपथपत्र आणि कागद यांवर निकाल होतो. म्हणून ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडे रिट नाही. "साहेबांना तीनदा भेटलो, सांगितले" याला उच्च न्यायालयात किंमत शून्य. लेखी अर्ज आणि त्यावर शिक्का मारलेली पोच, याची किंमत मोठी. अर्जाला उत्तर नाही, हाच तुमचा पुरावा.

सरकारचा वहिवाटीचा दावा

ही ताकद किती, ते एका खटल्यातून सांगतो. हिमाचल प्रदेशात एका निरक्षर बाईची जमीन १९६७-६८ साली रस्त्यासाठी सरकारने घेतली. भूसंपादनाची कारवाई केली नाही आणि मोबदलाही दिला नाही. रस्ता झाला, गाड्या धावू लागल्या, बाईचे केस पांढरे झाले. पुढे शेजारच्या काही जमीनमालकांनी न्यायालयातून मोबदला मिळवला, ते तिला कळले आणि ती उच्च न्यायालयात गेली. तेव्हा सरकारने काय सांगितले? इतकी वर्षे जमीन आमच्या ताब्यात आहे, म्हणून वहिवाटीने ती आमचीच झाली!

भावांनो, शेजाऱ्याने बांध कोरला तर आपण त्याला काय म्हणतो? इथे सरकारच तसे करून वर मालकी सांगत होते. उच्च न्यायालयाने बाईला दिवाणी दावा करायला सांगितले. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये निकाल लागला तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती. न्यायालयाने सांगितले की कायद्याच्या राज्यात सरकारला नागरिकाच्या जमिनीवर असा वहिवाटीचा दावा करता येणार नाही, आणि उशीर झाला हे कारणही अशा प्रकरणात चालणार नाही. मोबदला द्या, असा हुकूम झाला.

या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाचे तीन अधिकार दिसतात. कलम १३६: देशातल्या जवळपास कोणत्याही न्यायालयाच्या निकालावर विशेष परवानगीने अपील ऐकण्याचा. कलम १४२: पूर्ण न्याय करण्यासाठी लागेल तो आदेश देण्याचा. आणि कलम १४१: सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशभरच्या न्यायालयांना बांधतो. म्हणजे त्या म्हातारीचा निकाल तुमच्या तालुक्यातही लागू आहे. महाराष्ट्रातही असे घडले आहे. ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी १९६४ च्या अधिसूचनेत धरल्या, ताबा गेला, मोबदला आला नाही. उच्च न्यायालयाने उशिराचे कारण दिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ते मान्य केले नाही.

पण टाळ्या वाजवण्याआधी वर्षे मोजा. १९६७ ते २०२०, आणि १९६४ ते २०१२. न्याय मिळाला तेव्हा दोन पिढ्या गेल्या. आपण वेळेत आणि एकत्र गेलो तर हे टळते. भूसंपादनात एक सोय आहे, ती लिहून घ्या. एकाच अधिसूचनेत गेलेल्या जमिनींपैकी एकाने न्यायालयातून वाढीव मोबदला मिळवला, तर न गेलेला शेजारीही त्या निवाड्याच्या आधारे तीन महिन्यांच्या आत अर्ज करून फेरनिश्चिती मागू शकतो. जुन्या १८९४ च्या कायद्यात हे कलम २८-अ होते. २०१३ च्या कायद्यात ते कलम ७३ आहे. किती गावांत हे माहीत आहे? शेजाऱ्याचा निकाल लागल्याचे कळेपर्यंत तीन महिने निघून जातात.

कुलूप लावलेला दरवाजा

आता सर्वांत महत्त्वाचे. देशाच्या घटनेवरचे मोठमोठे निकाल कशावरून झाले? बहुतेक शेतजमिनीवरून.

घटना १९५० साली आली तेव्हा मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने मार्च १९५१ मध्ये रद्द केला. सरकारने जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती केली. पहिली सार्वत्रिक निवडणूकसुद्धा तेव्हा व्हायची होती. या दुरुस्तीने घटनेला नववे परिशिष्ट जोडले. या यादीत जो कायदा घातला तो मूलभूत हक्कांचा भंग करतो म्हणून कोणतेही न्यायालय रद्द करू शकणार नाही, अशी तरतूद. पहिल्या यादीत १३ कायदे होते.

जमीनदारी मोडायलाच हवी होती. कसणाऱ्या कुळाला जमीन मिळाली याचे आम्हाला दुःख नाही. पण दाराला कुलूप एका कामासाठी लावले आणि पुढे त्या कोठीत वाटेल तो माल भरला. आज त्या यादीचा क्रमांक २८४ वर गेला आहे. महाराष्ट्राचा १९६१ चा सीलिंग कायदा तिथे १९६४ साली गेला. आवश्यक वस्तू कायदा १९५५ चा. त्याच्या आधारे सरकार शेतमालाच्या साठ्यावर मर्यादा घालते आणि भाव चढू लागला की दाबते. तो तिथे १९७६ साली, आणीबाणीत घातला गेला. साठ्यावरच्या बंदीचा आणि जमीनदारी मोडण्याचा संबंध काय?

शेतकऱ्याने दाद मागितली नाही असे नाही. पंजाबात जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाची पाचशे एकर जमीन सीलिंगमध्ये आली. १९६७ साली अकरा न्यायाधीशांनी सहा विरुद्ध पाच मतांनी सांगितले की संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. सरकारने घटनाच दुरुस्त केली. मग केरळातील एडनीर मठाचे केशवानंद भारती मठाच्या जमिनीसाठी आले. त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे राहिले. तेरा न्यायाधीश बसले आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा असा निकाल लागला: संसद घटना दुरुस्त करू शकते, पण घटनेचा मूलभूत ढाचा मोडू शकत नाही. स्वामींच्या पदरात जमिनीचे फारसे काही पडले नाही. पण या एका मताच्या फरकावर आजही देशाची लोकशाही उभी आहे. सरकारला तो निकाल इतका झोंबला की तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून लगेच दुसऱ्याला सरन्यायाधीश केले.

नवव्या परिशिष्टाचे काय झाले? महाराष्ट्राच्याच सीलिंग कायद्यावरून वामनराव खटला उभा राहिला. त्यात, १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या निकालाने, रेघ ओढली: २४ एप्रिल १९७३ पूर्वी यादीत गेलेले कायदे सुरक्षित, त्यानंतर गेलेले तपासता येतील. २००७ साली नऊ न्यायाधीशांनी तामिळनाडूच्या जमीन प्रकरणात एकमताने ती रेघ पक्की केली. त्यातही समानतेचा, स्वातंत्र्याचा आणि जगण्याचा हक्क मूलभूत ढाच्यात धरला.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? १९६१ च्या मूळ सीलिंग कायद्यावरचे कुलूप कायम आहे. १९७६ साली आत गेलेल्या आवश्यक वस्तू कायद्याचे कुलूप पक्के नाही. त्या दारावर घटनेच्या आधाराने धक्का देता येतो. मात्र या सगळ्या काळात, १९७८ च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढून टाकला. आता उरले आहे कलम ३००-अ: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. हिमाचलच्या म्हातारीने लढाई जिंकली ती याच उरलेल्या कलमाच्या बळावर. लहान पाते, पण धार आहे.

न्यायालय भाव देत नाही

आता कापसाच्या भावाच्या रिटचे. स्पष्ट सांगतो, ते होणार नाही. भाव, आयात-निर्यात, कर्जमाफी ही धोरणे. धोरण बरे की वाईट हे न्यायालय बघत नाही. ते कायद्याला धरून आहे का, मनमानी आहे का, एवढेच बघते. हमीभाव हा केंद्राचा निर्णय आहे. तो मिळालाच पाहिजे असा कायदा झालेला नाही, मग न्यायालय कशाची अंमलबजावणी करायला लावणार?

तरीही एक गोष्ट घडते. न्यायालय सरकारला लेखी बोलायला लावते. उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफ्याचे आश्वासन निवडणुकीच्या सभेत दिले जाते. त्याच मागणीवर २०१५ साली केंद्राने सर्वोच्च न्यायालयात लेखी सांगितले की असे केल्याने बाजार बिघडेल. सभेतले बोलणे वाऱ्यावर जाते, शपथपत्र कागदावर राहते. आपल्या हाती तो कागद आला हेही काही कमी नाही. तसेच शेतकरी आत्महत्यांचे प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेल्यामुळेच टाटा समाजविज्ञान संस्थेने गावोगाव जाऊन २००५ साली अहवाल दिला. त्या अहवालाने एकही कर्ज फिटले नाही, पण "दारू आणि लग्नखर्च" हे ठेवणीतले उत्तर देणे सरकारला अवघड झाले.

तीन कृषी कायद्यांचे उदाहरण ताजे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कायदे झाले. ते बरे की वाईट यावर शेतकरी चळवळीत दोन मते होती, आजही आहेत. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि चौघांची समिती नेमली. त्यात महाराष्ट्रातून अनिल घनवट होते. एक सदस्य सुरुवातीलाच बाहेर पडले. समितीने मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यावर सुनावणी पुढे सरकली नाही, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने कायदे मागे घेतले. कायदे घटनेप्रमाणे होते की नव्हते, हे न्यायालयाने कधीच सांगितले नाही. सुरुवात संसदेने केली, शेवट रस्त्याने केला आणि न्यायालयाने मधे विसावा दिला. न्यायालयाचा हात कुठपर्यंत पोचतो, ते इथे दिसते.

आणखी एक कानात ठेवा. न्यायालय म्हणजे देव नाही. आणीबाणीत डांबलेल्यांच्या बाजूने नऊ उच्च न्यायालये उभी राहिली, पण एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने त्यांना दारातून परत पाठवले. विरोधात उभे राहिलेले एकटे न्यायमूर्ती खन्ना. त्यांचे सरन्यायाधीशपद गेले. तो निकाल चूक होता हे न्यायालयाने स्वतः म्हणायला २०१७ साल उजाडले. ज्या देशात लोक जागे नाहीत, तिथे न्यायालयही डुलक्या घेते.

मग करायचे काय?

सरकारने कायदा मोडला तर कोर्टात जा. कायदाच आपल्याला मोडत असेल तर आधी रस्त्यावर आणि मतपेटीत जा, आणि नवव्या परिशिष्टासारख्या प्रश्नावर दोन्हीकडे जा. ओळख सोपी आहे. "हे करण्याचा तुला अधिकार नाही" असे आपण म्हणू शकतो तिथे रिट. "हे तू करायला हवे होतेस" एवढेच म्हणू शकतो तिथे आंदोलन.

या बैठकीतून चार कामे घेऊन जाऊ. एक, प्रत्येक गावशाखेत एक फाईल: सातबारा, फेरफार, भूसंपादनाच्या नोटिसा, विम्याच्या पावत्या, पंचनाम्याच्या नकला. खरीप २०२० च्या सोयाबीन विम्यासाठी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले शेतकरी खंडपीठात गेले आणि २०२२ मध्ये भरपाईचा आदेश घेऊन आले. कंपनी लगेच दिल्लीला गेली. ती शिरस्त्याप्रमाणे पायरी चढली, आपणही चढायची तयारी ठेवू. दोन, तोंडी तक्रार बंद. प्रत्येक अर्जाची पोच. तीन, भूसंपादनाचा कोणताही निवाडा लागला की आठ दिवसांत त्या अधिसूचनेतल्या सगळ्या गटधारकांना खबर. चार, एकट्याने वकील लावायचा नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले आणि पूर किंवा दुष्काळात सापडलेले यांना मोफत वकील मिळतो. दुष्काळ हा शब्द त्या कायद्यात आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या नशिबाने दिलेला हा एवढा एकच अधिकार असेल, तो तरी वापरू.

मायबहिणींना शेवटचे सांगणे. हिमाचलची ती बाई निरक्षर होती, एकटी होती. सरकारकडे वकील होते, कागद होते, बावन्न वर्षांचा ताबा होता. तिच्याकडे एकच गोष्ट होती: जमीन माझी आहे, हे ती विसरली नाही. आपल्या सातबाऱ्यावर आधी तुमचे नाव लावून घ्या. पायरी चढायची वेळ आली तर नाव असलेला माणूसच आत जातो.